मिझुरीने आयकर काढला तर माझा पगार वाढेल का?

आमच्या कॅन्सस सिटीत स्टेट लाइन रोड नावाचा रस्ता आहे. त्याच्या पश्चिमेची घरं कॅन्सस राज्यात, पूर्वेची मिझुरीत. मधे नाका नाही, चौकी नाही, एका अंगाला लागलेलं झाड दुसऱ्या राज्यात पानं गाळतं. मी राहते ओव्हरलँड पार्कला, म्हणजे कॅन्ससमध्ये, आणि नोकरी डाउनटाउनला, म्हणजे मिझुरीत. ऑफिसला जायचं म्हणजे राज्य ओलांडायचं, आणि एप्रिलच्या मध्यापर्यंत दोन्ही राज्यांना हिशेब द्यायचा. केंद्र सरकारचा आयकर आहेच, तो वेगळा.

मिझुरीचे राज्यपाल माइक किहो यांना राज्याचा आयकर टप्प्याटप्प्याने संपवायचा आहे. आमच्या मराठी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर बातमी पडल्यावर पहिला मेसेज मलाच आला: ‘चला, तुझी तर लॉटरी लागली, पार्टी कधी?’ खाली पेढ्यांची इमोजी. मी दोन ओळींत उत्तर द्यायला बसले आणि लक्षात आलं की हे काही दोन ओळींत बसणारं प्रकरण नाही. म्हणून इथे लिहिते आहे.

जानेवारीत कंपनीकडून डब्ल्यू-टू, म्हणजे वर्षभराच्या पगाराचा आणि कापलेल्या कराचा दाखला, येतो. बहुतेक लोक वरचे आकडे बघून तो बाजूला ठेवतात. माझी खरी करमणूक तळाला असते, १५ ते २० नंबरच्या चौकोनांत. १५ मध्ये राज्याचं नाव, माझ्या बाबतीत मिझुरी. १७ मध्ये मिझुरीने कापलेला कर. १९ मध्ये कॅन्सस सिटी शहराचा एक टक्का, ज्याला इथे अर्निंग्ज टॅक्स म्हणतात. शहरात राहा किंवा शहरात फक्त काम करा, एक टक्का द्यायचाच. (हा कर ठेवायचा की नाही यावर शहरवासीयांना दर पाच वर्षांनी मत द्यावं लागतं. मी शहरात राहत नाही, त्यामुळे कर माझा, मत त्यांचं.) घरून काम केलेल्या दिवसांचा हा एक टक्का परत मागता येतो. त्यासाठी मी वर्षभर एक्सेलमध्ये ऑफिसचे दिवस आणि घरचे दिवस रंगवत बसते. आमच्या घरात माझ्या या तक्त्याची भरपूर चेष्टा होते. रिफंड आला की होत नाही.

तर मिझुरी माझ्याकडून मिझुरीत कमावलेल्या पगारावर कर घेते. कॅन्सस म्हणतं, तू आमची रहिवासी, तुझ्या सगळ्या उत्पन्नावर आमचा कर. पण मिझुरीला जे दिलंस तेवढ्याची वजावट आम्ही आमच्या करातून देतो. म्हणजे सरतेशेवटी दोन राज्यांपैकी ज्याचा कर जास्त, साधारण तेवढा मी भरते. आज मिझुरीचा वरचा दर ४.७ टक्के आहे आणि कॅन्ससचा ५.५८. मिझुरीचं देऊन झालं की उरलेला फरक टोपेकाला, कॅन्ससच्या राजधानीला, जातो.

आता मिझुरीने आपला दर शून्यावर आणला समजा. कॅन्ससमध्ये मला मिळणारी वजावटही शून्य. जो पैसा जेफरसन सिटीला, मिझुरीच्या राजधानीला, जात होता तो सगळाच्या सगळा टोपेकाला जाईल आणि माझ्या हातात महिन्याला पडणारी रक्कम आहे तेवढीच राहील. स्टेट लाइन ओलांडून रोज कामाला जाणारे माझ्यासारखे हजारो लोक आहेत. त्यांच्यापुरतं बघितलं तर मिझुरीची ही करकपात म्हणजे कॅन्ससच्या तिजोरीला दिलेला आहेर. ही दोन राज्यं वर्षानुवर्षं एकमेकांच्या कंपन्या सवलती देऊन पळवत होती. कंपनीने चार-पाच मैल ऑफिस हलवायचं, कर्मचारी तेच, घरं तीच, आणि करसवलत नवीन. २०१९ मध्ये कुठे त्या भांडणात तह झाला. त्यांनीच आता असा आहेर करावा याची मला गंमत वाटते.

मिझुरीत राहून मिझुरीतच काम करणाऱ्यांना अर्थातच फरक पडेल, आणि तो बऱ्यापैकी असेल. माझं लॉटरी प्रकरण एवढंच.

पण ग्रुपवरची खरी वादावादी माझ्या पगारावरून नव्हतीच. ती होती ‘कॅन्ससमध्ये काय झालं ते आठवा’ विरुद्ध ‘टेक्सासमध्ये काय चाललंय ते बघा’ अशी. मी २००६ पासून इथे आहे. कॅन्ससमध्ये काय झालं ते मी पेपरात वाचलं नाही, वाण्याच्या बिलावर बघितलं.

२०१२ च्या मे महिन्यात तेव्हाचे राज्यपाल सॅम ब्राउनबॅक यांनी करकपातीच्या कायद्यावर सही केली. वरचा दर ६.४५ वरून ४.९ वर आला, पुढे आणखी उतरून ४.६ वर. अर्थव्यवस्थेच्या काळजात अ‍ॅड्रेनलिन टोचल्यासारखं होईल, असं ते म्हणाले. प्रयोग हा शब्दही त्यांचाच, विरोधकांनी नंतर तो त्यांच्याच गळ्यात बांधला. पुढे हळूहळू आयकर शून्यावर न्यायचा, असं स्वप्न होतं. सल्लागार म्हणून आर्थर लॅफर होते, दर उतरवले की महसूल वाढू शकतो या वक्ररेषेचे जनक. त्यांची फी ७५ हजार डॉलर.

दर कमी होणं एकवेळ समजू शकतं. खरी मेख पुढे होती. एलएलसी (म्हणजे मर्यादित जबाबदारीची छोटी कंपनी), भागीदारी, एकट्याचा धंदा, शेती, अशा मार्गाने मालकाच्या हातात येणारा नफा राज्याच्या आयकरातून पूर्णपणे वगळला. शून्य. पगारदाराला ४.९ आणि एलएलसीवाल्याला शून्य.

आमच्या आयटीवाल्या मराठी मंडळींत तेव्हा ओळख झाल्या झाल्या विचारायचा प्रश्न एकच होता: ‘तू डब्ल्यू-टूवर आहेस का टेन-नाइन्टी-नाइनवर?’ म्हणजे पगारदार का कंत्राटी. ओव्हरलँड पार्कमध्येच काम करणारे दोघे, एकाच क्युबिकलच्या रांगेत, एकाच मॅनेजरखाली, एकच डेटाबेस सांभाळणारे. एक पगारावर, त्याचा राज्याचा कर कापला जातोय. दुसऱ्याने स्वतःची एलएलसी काढली आहे, तिच्या नावाने बिल लावतो, त्याला राज्याचा कर नाही. दिवाळीच्या कार्यक्रमात एक काका मला जेवणाच्या रांगेत म्हणाले, ‘अगं, तू अजून पगारावर? एलएलसी टाक एक. दीडशे-दोनशे डॉलरचं काम आहे, तुला नावही सुचवतो.’ आणि खरंच सुचवलं. ताटात श्रीखंड वाढून घेत घेत. एच-वन व्हिसावाल्या पोरांना हा मार्गच बंद होता, ती बिचारी ऐकून घेत होती.

काकांचा मला राग आला नाही, आजही नाही. कायद्याने दार उघडं ठेवलं आणि माणसं त्यातून आत गेली. सरकारचा अंदाज होता की १ लाख ९१ हजार लोक ही सवलत घेतील. घेतली ती ३ लाख ३० हजारांच्या आसपास. कॅन्सस विद्यापीठाच्या बास्केटबॉल संघाचे प्रशिक्षक, म्हणजे राज्यात सगळ्यात जास्त पगार मिळवणाऱ्या सरकारी नोकरांपैकी एक, त्यांच्या मानधनाचा मोठा भाग एलएलसीतून जातो, अशी बातमी इथल्या सार्वजनिक रेडिओने २०१६ मध्ये दिली. बास्केटबॉलवर जीव ओवाळून टाकणाऱ्या या राज्यात ती बातमी अर्थतज्ज्ञांच्या शंभर लेखांपेक्षा जास्त लोकांपर्यंत पोचली.

२०१४ च्या आर्थिक वर्षात राज्याचं उत्पन्न सुमारे ७० कोटी डॉलरने खाली आलं. मूडीज या पतमापन संस्थेने राज्याची पत उतरवली, काही महिन्यांत एस अँड पीनेही. मग जमेल तिथून ओरबाडणं सुरू झालं. रस्त्यांच्या निधीतून इतके वेळा पैसे काढले की रस्ते खात्याला लोक बँकच म्हणायला लागले. पेन्शनचे हप्ते पुढे ढकलले. २०१५ मध्ये दोन ग्रामीण शाळा-जिल्ह्यांनी, कॉन्कॉर्डिया आणि ट्विन व्हॅली, पैशाअभावी वर्ष लवकर आटोपलं. आमच्याकडे, म्हणजे जॉन्सन काउंटीत, एवढी वेळ आली नाही, इथे पैसेवाले राहतात. तरी माझ्या मुलाच्या शाळेत ग्रंथालयाच्या बाई दोन शाळांत वाटल्या गेल्या, आणि ‘आज लायब्ररी बंद’ हे वाक्य तो घरी येऊन इतक्या सहज म्हणायला लागला की जणू तसंच असतं.

आणि २०१५ मध्येच विक्रीकर ६.१५ वरून ६.५ झाला. हे ३५ पैसे ऐकायला किरकोळ वाटतात. पण कॅन्ससमध्ये तेव्हा खाण्याच्या वस्तूंवरही पूर्ण विक्रीकर लागायचा. त्यात काउंटीचा आणि शहराचा मिळवा, की आमच्या भागात पुढे नऊ टक्क्यांच्या वर गेला. इंडियन ग्रोसरीतलं माझं बिल आठवतं: वीस पौंड कणीक, तूरडाळ, पोहे, फ्रोजन भेंडी, ओलं खोबरं, आणि शेवटी कराची ओळ. चितळ्यांच्या बाकरवडीला नऊ टक्के समजू शकते मी, ती चैन आहे. तूरडाळीला नऊ टक्के? माझ्यासारखीला त्याने काही उपाशी राहायची वेळ येत नाही. पण दुकानात काउंटरवर बसणारी ताई तीच कणीक नेते, तोच नऊ टक्के भरते, आणि तिच्या पगारातला खाण्यावर जाणारा वाटा माझ्यापेक्षा कितीतरी मोठा. सीमेवरच्या लोकांनी मग आपला मार्ग काढला. मिझुरीत किराण्यावर राज्याचा कर फक्त १.२२५ टक्के, म्हणून शनिवारी गाड्या भरभरून तिकडे.

शेवटी जून २०१७ मध्ये विधिमंडळाने ब्राउनबॅक यांचा नकाराधिकार मोडून काढला आणि कर परत वाढवले, एलएलसीची सवलतही रद्द केली. दोन्ही सभागृहांत बहुमत त्यांच्याच रिपब्लिकन पक्षाचं होतं, हे मुद्दाम सांगते, कारण ग्रुपवर काही जणांना ही डेमोक्रॅट लोकांनी केलेली गंमत वाटते. किराण्यावरचा राज्याचा कर मात्र शून्यावर यायला १ जानेवारी २०२५ उजाडावा लागला. काउंटीचा आणि शहराचा अजून आहे, बिलावर ती ओळ बारीक होऊन का होईना, उरलीच.

आता काकांची बाजू. तेच काका, आता निवृत्त. ते म्हणतात, ब्राउनबॅकचं तत्त्व चुकलं नव्हतं, अंमलबजावणी चुकली. यात थोडं तथ्य आहे. मूळ मसुद्यात काही वजावटी बंद करून खड्डा भरायची तरतूद होती, ती वाटेत गळाली. सेनेटने ‘पुढे दुरुस्त करू’ म्हणून एक अर्धवट रूप मंजूर केलं आणि तेच सहीला गेलं. नंतर शेतमालाचे आणि तेलाचे भावही पडले. हे सगळं मान्य. काका पुढे म्हणतात, टेक्सास बघ, फ्लोरिडा बघ, टेनेसी बघ, तिथे आयकर नाही आणि लोक तिकडेच चाललेत. तेही खरं. आमच्या मंडळातल्या कितीतरी घरांचं सामान डॅलसकडे, फ्रिस्कोला गेलं.

फ्रिस्कोला गेलेली माझी मैत्रीण मात्र दर वर्षी प्रॉपर्टी टॅक्सचं बिल आलं की मला फोन करते. इथल्या तिच्या घराचा आणि तिथल्या घराचा कर ती शेजारी ठेवते आणि म्हणते, ‘राज्याला आयकर देत नाही गं, काउंटीला घरभाडं देते.’ ती परत मात्र येणार नाही. तिथे शाळा चांगल्या, विमानतळ मोठा, गणपतीला ढोलपथक. टेक्सासकडे तेल आहे, फ्लोरिडाकडे समुद्र आणि मिकी माउस, नेवाडाकडे जुगार. वैयक्तिक आयकर आधी होता आणि मग पूर्ण काढून टाकला असं अलास्काने १९८० मध्ये केलं, तेही तेलाच्या जोरावर. मिझुरीकडे काय आहे? बार्बेक्यू आहे, पण त्यावर राज्य चालत नाही.

मिझुरीच्या सर्वसाधारण महसुलात आयकराचा वाटा साधारण दोन-तृतीयांश आहे. राज्याचा विक्रीकर ४.२२५ टक्के, त्यातले तीन टक्के तेवढे सर्वसाधारण तिजोरीत येतात, बाकीचे शिक्षण, वन्यजीवन, उद्यानं यांना बांधलेले. आयकर घालवायचा तर हा विक्रीकर बराच वाढवायला हवा, नाहीतर आजवर करमुक्त असलेल्या गोष्टींवर लावायला हवा, म्हणजे सेवांवर. गंमत अशी की २०१६ मध्ये मिझुरीच्या मतदारांनी स्वतःच घटनादुरुस्ती करून सेवांवर नवा विक्रीकर लावायला बंदी घातली होती. त्यामुळे किहोंना आता परत मतदारांकडेच जावं लागतं: ती बंदी उठवा, मग आम्ही आयकर उठवतो.

सेवा म्हणजे काय काय, यावर मी स्वयंपाकघरात उभ्या उभ्या यादी केली. केस कापणं, आयब्रो, प्लंबर, गाडीची दुरुस्ती, पाळणाघर, मुलीचा भरतनाट्यमचा क्लास, सीपीए (म्हणजे इथले सीए), अंत्यसंस्कार. यातल्या कशावर कर लागेल आणि कशावर नाही, हे ठरवायला बसतील तेव्हा सीपीए आणि वकील आपापली माणसं घेऊन जेफरसन सिटीत हजर असतील. पाळणाघर चालवणाऱ्या बाया त्या वेळी मुलांना झोपवत असतील. माझा आक्षेप आहे तो इथे. आयकर हा निदान कमाई विचारून कापला जातो, आणि त्यातही मिझुरीचा काही फार दयाळू नव्हता. मी इथे आले तेव्हा नऊ हजार डॉलरच्या वरच्या करपात्र उत्पन्नाला थेट सर्वात वरचा, सहा टक्क्यांचा दर लागायचा. त्याच्या जागी जो विक्रीकर येईल तो कमाई विचारतच नाही.

सांगलीला फोनवर हे सगळं बाबांना सांगत होते. त्यांचं हार्डवेअरचं दुकान होतं. जकातीच्या नाक्यावर ट्रक अडकणं, मग जकात जाऊन एलबीटी येणं, मग एलबीटीच्या विरोधात दुकानं बंद ठेवणं, सगळं त्यांनी केलंय. १ ऑगस्ट २०१५ पासून ५० कोटींच्या आतल्या उलाढालीला एलबीटी माफ झाला तेव्हा त्यांनी दुकानात पेढे वाटले होते. त्यांना आपल्याकडे राज्यांचा असा आयकर नसतो याचं काही विशेष नव्हतं. पगारातून दोनशे आणि फेब्रुवारीत तीनशे कापला जाणारा व्यवसाय कर तेवढा त्यांना ठाऊक. त्यांनी विचारलं एवढंच, ‘कर काढला म्हणतीस, मग महापालिकेला पैसं कोण देणार?’ मी म्हटलं, बाबा, महापालिका नाही, राज्य. ते म्हणाले, ‘तेच गं. आमच्याकडं एलबीटी गेला आन् महापालिका अनुदानासाठी मुंबईकडं तोंड करून बसली. गटारीचं काम काढायचं तरी अनुदान कधी येतंय ते बघायचं.’ पेढे वाटलेल्या माणसाचं हे म्हणणं आहे.

सध्या सगळीकडे नवी फॅशन आहे ट्रिगरची. एकदम कर काढायचा नाही, महसूल अमुक इतका वाढला की दर आपोआप थोडा उतरेल, अशी कायद्यात कळ बसवून ठेवायची. काका यावर फार खूश आहेत, ‘आता कसं शास्त्रशुद्ध!’ मी पोटासाठी सॉफ्टवेअर टेस्टिंग करते, त्यामुळे आपोआप होणाऱ्या गोष्टींकडे मी जरा वेगळ्या नजरेने बघते. मिसिसिपीत २०२५ मध्ये असाच कायदा झाला. सेनेटला ट्रिगरची अट ८५ टक्के अशी घालायची होती. मसुद्यात टंकलं गेलं ०.८५ टक्के. एक दशांशचिन्ह. ज्यांना आयकर लवकर संपवायचा होता त्या खालच्या सभागृहाने ते बघितलं आणि जसंच्या तसं मंजूर करून टाकलं. राज्यपाल टेट रीव्ज यांनी सही केली. आमच्याकडे असा बग प्रॉडक्शनला गेला तर शनिवार-रविवार ऑफिसात काढावा लागतो.

आणि कॅन्ससनेही एप्रिल २०२५ मध्ये राज्यपाल लॉरा केली यांचा नकाराधिकार डावलून ट्रिगर बसवलाय: महसूल वाढत गेला तर दर उतरत उतरत सरसकट ४ टक्क्यांवर. सगळे मिझुरीकडे बघतायत आणि माझ्या पगारावर खरा परिणाम करणारा कायदा इकडे, घरच्या बाजूला, होऊनही गेला. ग्रुपवर त्याबद्दल एक मेसेज नव्हता.

ग्रुपवर हिरिरीने भांडणाऱ्यांतल्या निम्म्या जणांना इथे मत नाही, ग्रीन कार्डच्या रांगेत वर्षानुवर्षं उभे आहेत. कर मात्र सगळे भरतात. मला मत आहे, पण मिझुरीत नाही, कॅन्ससमध्ये. या नोव्हेंबरात कॅन्ससला नवा राज्यपाल निवडायचाय, केलींच्या दोन्ही मुदती संपत आल्या. प्रचाराला दार वाजवणारी मंडळी उन्हाळ्यात येतातच. मी त्यांना चहा विचारीन आणि ट्रिगरबद्दल विचारीन: चांगल्या वर्षी दर आपोआप उतरणार हे कळलं, पण पुढच्या वर्षी गव्हाचे भाव पडले आणि महसूल घसरला, तर तो आपोआप वर चढायची सोय कायद्यात कुठल्या कलमात आहे?